निळ्या फुलांचा रुमाल

२९ जुलै

नर्सने सांगितलं, गोळ्या कधी दिल्या, ताप किती, खोकल्यात रक्त पडलं का, सगळं लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते तेव्हा किती बटाटे सोलले ते लिहायचे, त्यानंतर हातात पेन धरलं ते आजच.

सकाळची गोळी दिली. ताप नाही. रक्त थोडं.

झालं नर्सचं. आता माझं लिहिते, कारण बोलायला कोणी नाही. ब्यालिस्टोकच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने मला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, नवऱ्याला घरी घेऊन जा, जे मागेल ते खायला द्या. मी विचारलं, मग पुढे? तर तो भिंतीकडे बघायला लागला. माणसाचं फुप्फुस कुजलंय आणि हा भिंतीकडे बघतोय. मी काहीबाही बोलले त्याला. नंतर लाज वाटली, पण बोलले ते बोलले.

बसमध्ये तोलिकने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, वेळ लागेल म्हणाला. तो 'हं' म्हणाला आणि खिडकीतून बघत राहिला. सगळी हयात पोस्टमन म्हणून सायकल हाणली त्याने. पाकीट न फोडता आत काय आहे ते त्याला कळतं. पण मी तोंड असं ठेवलं होतं की त्याला काही कळलं नसणार.

३१ जुलै

गोळी दोन वेळा. ताप संध्याकाळी.

मी ठरवलंय. स्पासच्या सणाला, नव्या सफरचंदांना चर्चमध्ये आशीर्वाद देतात त्या दिवशी, त्याला मठाच्या टेकडीवर नेणार. डॉक्टर संपले, देव संपलेला नाही.

लहानपणी माझे कान वाहायचे तेव्हा आई मला घेऊन गेली होती. टेकडीखालच्या ओढ्यात कापड बुडवलं, कान पुसले आणि कापड तिथेच काठावर टाकलं. आजार त्या कापडात राहतो. सण झाला की मठातल्या संन्यासिनी बहिणी सगळी कापडं गोळा करून जाळतात. पुन्हा कान वाहिले नाहीत. पण कापड घरी आणायचं नाही, चुकूनसुद्धा नाही. आमच्या गल्लीतल्या मोत्रोनाने आणलं होतं. चांगला टॉवेल आहे, कशाला वाया घालवा म्हणाली. नवऱ्याच्या पायाचं दुखणं पुसलं होतं त्याने. पुढच्या हिवाळ्यात पाय कापावा लागला आणि उन्हाळ्यापर्यंत माणूसही गेला. मोत्रोना मरेपर्यंत रडायची, त्या टॉवेलासाठी.

तोलिकला सांगितलं तर म्हणतो, "मला कशाला त्या गर्दीत नेतेस, दुन्या? इथे बाकावर बसू दे. करकोचे निघायच्या तयारीत आहेत."

मी म्हटलं, करकोचे दर वर्षी जातात.

तो म्हणाला, "हो ना. तेच बघायचंय."

आता यात बघण्यासारखं काय आहे? खांबावरचं घरटं, चार पक्षी आणि खाली सगळी घाण. पण माणूस आजारी पडला की हट्टी होतो. मी काही ऐकणार नाही.

२ ऑगस्ट

शेजारची हालिना आली होती, कोबीचं सारण भरलेले उकडलेले पेरोगी घेऊन. ती कॅथलिक, आम्ही ऑर्थोडॉक्स, त्यामुळे तिला आमची चेष्टा करायला कारण लागत नाही. म्हणते, तुमचे सगळे सण आमच्यानंतर तेरा दिवसांनी, म्हणजे तुमचा देव आमच्या देवापेक्षा तेरा दिवस उशिरा उठतो, त्याला तोलिकचं गाऱ्हाणं पोचेपर्यंत बर्फ पडेल. तोलिक हसला. हसता हसता खोकला आणि मग बराच वेळ खोकतच राहिला. हालिनाचा चेहरा उतरला. जाताना दारात माझा हात धरून म्हणाली, झेनेक गाडी काढेल, तू काळजी करू नकोस. झेनेक म्हणजे तिचा नवरा. माणूस चांगला, पण धुराडं आहे नुसतं. अंगणात उभा राहून एकामागून एक सिगरेटी ओढत होता. तोलिकने ईस्टरला सोडली ती सोडलीच. झेनेकने पाकीट पुढे केलं तर म्हणाला, नको, आता चवच लागत नाही. वळून बघितलंही नाही.

५ ऑगस्ट

आज मी त्याच्यावर ओरडले.

आमची कात्या चार महिन्यांची असताना गेली. तेव्हापासून दर वर्षी स्पास होईपर्यंत मी नवं सफरचंद तोंडात घालत नाही. ज्या बाईचं मूल गेलंय तिने त्याआधी खायचंच नसतं. तिने खाल्लं तर वर देवाघरी सगळ्या मुलांना सफरचंदं वाटतात तेव्हा तिच्या लेकराच्या हातात काही पडत नाही. बापाला हा नियम नाही, तरी तोलिकही इतकी वर्षं खात नव्हता. मी कधी सांगितलं नाही, त्यानेही कधी बोलून दाखवलं नाही. आणि आज मी कोंबड्यांना दाणे टाकून येते तर हा बाकावर बसून झाडाचं पहिलं पांढरं सफरचंद खातोय! रस हनुवटीवर.

मी म्हटलं, तोलिक, स्पासला दोन आठवडे आहेत अजून. दोन आठवडे धीर धरवत नाही?

तो म्हणाला, "कात्याला मी स्वतः देईन."

मी म्हटलं, असलं अभद्र बोलायचं असेल तर माझ्याशी बोलूच नकोस, आणि आत जाऊन भांडी आपटली. नंतर त्याला सूप नेऊन दिलं, पण बोलले नाही. आता वाटतंय, आधीच देवाच्या दारी आमची पापं काय कमी आहेत, त्यात ही भर. टेकडीवर याचीही क्षमा मागावी लागेल.

गोळी लिहायची राहिली. दोन दिल्या.

११ ऑगस्ट

ताप रोज. रक्त जास्त. नर्स येऊन गेली, सुई दिली.

कापड कुठलं न्यायचं त्यावरून वाद. आजाऱ्याचं स्वतःचं लागतं. मी कपाटाचा खालचा खण उपसला आणि त्याच्या सैन्यातल्या पट्ट्याखाली तो रुमाल सापडला. मीच भरलेला. तो सैन्यात चालला होता तेव्हा दिला होता. पांढरं तागाचं कापड, कोपऱ्यात दोन निळी फुलं, गव्हाच्या शेतात उगवतात ती, एक जरा वाकडं आलंय. तेव्हा मला भरतकाम येत नव्हतं, आताही येत नाही. म्हटलं, हाच न्यायचा.

तो उठून बसला. म्हणाला, "तो नको. नाक पुसायचे आहेत की चार, त्यातला घे."

मी म्हटलं, देवाला फडकं देतोस? जीव मागायला चाललोय आणि हातात नाक पुसायचं फडकं? जे आवडीचं असेल तेच द्यायचं.

"हा माझ्या कामाचा आहे."

"कसल्या कामाचा? इतक्या वर्षांत एकदा वापरला नाहीस."

"पुढच्या कामाचा," म्हणाला.

पुढचं कसलं काम, सर्दी होणार आहे का? पुरुषांचं हे असंच. वापरत नाहीत, पण टाकवतही नाही. शेडमध्ये तुटक्या सायकलींचे तीन हँडल आहेत, तेही पुढच्या कामाचेच. मी रुमाल धुऊन, इस्त्री करून माझ्या पर्समध्ये ठेवला. तो भिंतीकडे तोंड करून पडला. रुसला असेल. बरा झाला की दुसरा भरून देईन, डोळ्यांना दिसेल तसा.

१४ ऑगस्ट

टेकडीवर नेऊन रोवायचा क्रूस त्याने स्वतः केला. मी म्हटलं झेनेक करून देईल, तर नाही. विहिरीच्या झाकणाची एक फळी उरली होती, ती शेडमध्ये नेली. करवत दोनदा ओढायचा आणि बसायचा, पुन्हा दोनदा ओढायचा आणि बसायचा. मी खिडकीतून बघत होते आणि खिडकीतच रडले, त्याला दिसू दिलं नाही. क्रूस हलका झालाय. म्हणाला, तुला उचलायचाय, म्हणून हलका केला. मी म्हटलं, आपण दोघं उचलू.

१७ ऑगस्ट

नवं खूळ. टेकडीवर जाताना काळा कोट घालणार म्हणतो. तो काळा कोट! तो कशासाठी बाजूला ठेवलाय ते त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. आमच्याकडे प्रत्येक घरात असतो तसा कोट. पांढरा शर्ट, नवे मोजे आणि तो, सगळं एका पिशवीत. मी म्हटलं, अपशकुन आहे, तो कोट असा अंगाला लावायचा नसतो. तर म्हणतो, "घालून बघायला नको? आयत्या वेळी घट्ट झाला तर मी तक्रार करायला नसेन."

मला हसूही आलं आणि त्याला मारावंसंही वाटलं. शेवटी घालू दिला. घट्ट कसला, आत दुसरा माणूस मावेल.

१९ ऑगस्ट. स्पास.

पाय सुजलेत, गुडघे सोलवटलेत, तरी लिहिते. आज सगळं नीट झालं. देवा, सगळं नीट झालं.

झेनेकने जंगलाच्या कडेपर्यंत नेलं आणि तो गाडीपाशीच थांबला, त्याच्या सिगरेटींसोबत. तिथून ओढ्यापर्यंत तोलिक माझ्या खांद्यावर हात ठेवून आला. काय गर्दी! सगळ्या वाड्यावस्त्यांतली माणसं, काही तर चार दिवस पायी चालत आलेली. ओढ्याच्या दोन्ही काठांना कापडांचा थर, पाऊल ठेवायला जागा नाही. रुमाल, टॉवेल, बाळाचे मोजे. इतके आजार जगात असतील असं घरात बसून वाटत नाही. घरात वाटतं आपल्याच वाट्याला आलाय.

मी त्याला ओंडक्यावर बसवलं, शर्टाची बटणं काढली. चारचौघांत उघडं पडायची त्याला लाज वाटली, पण तिथे कोण कोणाकडे बघतं. रुमाल बुडवला आणि छाती पुसली, पाठ पुसली. बरगड्या हाताला लागल्या. पाणी गार होतं, तो शहारला. मी 'प्रभू, दया कर' म्हणत होते, तो माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होता. मग मी तो रुमाल काठावर ठेवला, अगदी त्याच्या पायाशी. नीट पसरून ठेवला, फुलं वर.

त्याला म्हटलं, मी क्रूस घेऊन वर जाते, तू इथे बस आणि इथलं काही उचलू नकोस.

तो म्हणाला, "मी पोस्टमन आहे, दुन्या. दुसऱ्याचं कधी उचललंय?"

वर गेले. क्रूस हलका होता, खरंच हलका होता. तिथे क्रुसांचं जंगलच आहे, जुने काळे पडलेले, कललेले, त्यांच्यात आमचा पिवळा दिसत होता. मातीत घट्ट रोवला. मग चर्चभोवती तीनदा गुडघ्यांवर फिरले. पहिल्या फेरीला त्याच्यासाठी मागितलं, दुसऱ्या फेरीला त्या सफरचंदाची क्षमा मागितली, तिसऱ्या फेरीला काय मागितलं आठवत नाही, दुखत होतं इतकंच आठवतं.

खाली आले तर तो तसाच बसलेला. कोट घातला होता, बटणं लावली होती. छातीपाशी कोट ओला झाला होता, चांगला हाताएवढा डाग. म्हटलं, पाणी पिताना सांडलंस वाटतं. तो म्हणाला, हो, सांडलं. तोंडावर मात्र कित्येक दिवसांत नव्हतं इतकं समाधान. मी तेव्हाच ओळखलं, हलकं वाटतंय त्याला. आजार बाहेर पडला.

येताना गाडीत झोपला. खोकला एकदाच. आशीर्वाद दिलेली सफरचंदं आणलीत, मी एक अख्खं खाल्लं.

२१ ऑगस्ट

ताप नाही! दोन दिवस ताप नाही. सूप मागून घेतलं. हालिनाला कुंपणावरून सांगितलं, आमचा देव उशिरा उठतो पण उठल्यावर कामाला लागतो. ती हसली, पण डोळे हसले नाहीत तिचे. जळते की काय माझ्यावर? छे, तसली नाही ती.

करकोचे गेले. तो बाकावर बसून बघत होता. मला हाक मारली, पण माझे हात काकडीच्या बरणीत होते. आले तोवर आभाळ रिकामं.

२५ ऑगस्ट

रात्रभर खोकला. रक्त पुष्कळ. नर्सने सुईतलं औषध वाढवलं.

कसं झालं? सगळं नीट केलं होतं. कुठे काय चुकलं?

२८ ऑगस्ट

आज मरियेच्या निद्रेचा सण, ती देवाघरी गेली तो दिवस. चर्चनंतर पाद्रीबाबा घरी आले, त्याला प्रसादाची भाकरी-वाइन दिली. त्यांना विचारलं, बाबा, टेकडीवर सगळं करून आलो, मग हे असं का? ते म्हणाले, मागितलेलं मिळेलच असं नसतं, दुन्या, आता त्याच्याजवळ बसत जा. बसत जा म्हणे! बसून काय होणार? बसण्याने कोणी बरं झालंय?

मी मनात म्हटलं, काहीतरी चुकलंय आणि ते मी शोधून काढणार.

३० ऑगस्ट

सापडलं.

कसर लागू नये म्हणून काळा कोट उन्हात घालायला काढला. बाह्या झटकल्या. छातीच्या खिशात काहीतरी कडक लागलं. आत हात घातला. रुमाल. वाळून पापडासारखा झालेला, कडेला ओढ्याची माती, दोन निळी फुलं.

मीच ठेवला असणार. दुसरं कोण? गर्दी, रडणं, 'प्रभू, दया कर', त्या गडबडीत मी काठावर दुसरंच काही ठेवलं आणि हा सवयीने त्याच्या खिशात कोंबला. जन्मभर त्याचे खिसे मीच भरत आले. पण फुलं वर करून पसरल्याचं मला आठवतंय. की तसं वाटतंय नुसतं? डोकं ठिकाणावर नव्हतं, काय आठवणार. मोत्रोनाने निदान लोभाने आणला होता. मी मूर्खपणाने आणला. अकरा दिवस तो आजार आमच्या कपाटात बसलाय आणि मी त्याला सूप भरवतेय.

तोलिकला सांगणार नाही. धास्तीनेच जाईल तो. हालिनाला मात्र सांगितलं. ती म्हणाली, अगं, असं काही नसतं. मी म्हटलं, तुमच्यात नसेल. मग म्हणाली, झेनेक कापणीवर आहे, रविवारपर्यंत थांब. रविवार! मी उद्याच जाणार, बसने. तिला म्हटलं, तू याच्याजवळ बस, आणि मी कुठे गेले ते त्याला सांगू नकोस.

३१ ऑगस्ट

परतीच्या बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय, हलू दे.

सकाळी निघताना तो जागा होता. आवाज अगदी बारीक झालाय, वाकून ऐकावं लागतं. म्हणाला, "आज नको जाऊस." मी म्हटलं, तालुक्याला जाते, तुझं औषध आणायला, दुपारी येतेच. म्हणाला, "औषध पुरे. बस जरा इथे." मी त्याच्या कपाळाची पापी घेतली आणि हात सोडवून घेतला. पकड घट्ट होती. एवढी ताकद आहे म्हणजे अजून उशीर झालेला नाही, असं मी मनाशी म्हटलं. दारातून बाहेर पडताना त्याने विचारलं, माझा कोट कुठाय? मी म्हटलं, कपाटात आहे, कुठे पळत नाही. किती दिवसांनी त्याला कशाची तरी आठवण झाली, मला बरंच वाटलं.

स्टॉपवरून चालत गेले. टेकडीवर चिटपाखरू नाही. ओढ्याचा काठ साफ झालेला. पण वरच्या अंगाला धूर दिसला. माझं नशीब! मठातली एक म्हातारी बहीण शेवटचा ढीग जाळत होती, ओली राहिलेली कापडं वाळवून. मी तिला सगळं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, देव एवढा हिशेबी नाही हो, बाई, राहू दे तुमच्याकडे, सुंदर रुमाल आहे. मी म्हटलं, नाही, तुम्हाला माहीत नाही. आणि माझ्या हातांनी टाकला. ताग लवकर पेटत नाही. आधी कडा काळी झाली, मग फुलं. मी शेवटपर्यंत उभी राहिले, राखेत काठी घालून बघितलं. काही उरलं नाही.

इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलंय. घरी गेले की त्याच्याजवळ बसणार आहे. पाद्रीबाबा सांगत होते तशी, भरपूर बसणार आहे. सफरचंदाचा रस करून देईन. आता पुढचं गाव आमचं.

२ सप्टेंबर

सकाळची गोळी

खोडते. सवय.

तो परवा दुपारी गेला. मी राखेत काठी घालत होते तेव्हा, किंवा बसची वाट बघत होते तेव्हा.

दारात हालिना उभी होती, एप्रन तोंडात धरून. तिला बघितलं आणि मला कळलं. तरी मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, गाळून घे, माती आहे.

काल तिने सगळं सांगितलं. मीच सांगायला लावलं. दुपारी तो कोट मागायला लागला. तिला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून आणून अंगावर घातला. त्याने छातीचा खिसा वरून चाचपला. मग आत बोटं घातली. मग खिसा ओढून पार उलटा केला आणि बघत राहिला. विचारलं, दुन्या कुठे गेलीय? तिने आधी औषधाचं सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. तो असा बघत होता, दुन्या, की मला खोटं बोलवेना, असं हालिना म्हणाली. टेकडीवर गेलीय म्हणून तिने सांगून टाकलं.

तो म्हणाला, "अस्सं." थोड्या वेळाने म्हणाला, "पायी गेली असेल. पाय दुखतात तिचे." मग बोलला नाही.

मी विचारलं, खिशात काय शोधत होता?

हालिना रडत म्हणाली, "सिगरेटी असतील गं. दुसरं काय असणार? पुरुषाला शेवटी त्याचीच आठवण होते. माझ्याकडे असती तर मी दिली असती."

सिगरेटी. हो, तेच असेल.

४ सप्टेंबर

आज पुरलं त्याला.

आमचा मुलगा ओलेक ब्रसेल्सहून सलग गाडी चालवत आला, काल पोचला. मोठा झालाय, टक्कल पडायला लागलंय, आणि शवपेटीपाशी लहान पोरासारखा उभा होता. झेनेकने खड्डा खणायला मदत केली. करकोच्याचं घरटं रिकामं आहे, येता-जाता सारखं दिसतं. त्या दिवशी त्याने हाक मारली होती. काकड्या काही पळून जात नव्हत्या.

कोट मीच घातला त्याला. मोजे, शर्ट, सगळं पिशवीतलं. मग गाडीत बसलेल्या झेनेककडून सिगरेटचं नवं पाकीट मागून घेतलं. पाद्रीबाबांनी माझ्याकडे बघितलं. ओलेक म्हणाला, "आई, बाबांनी तर ईस्टरलाच सोडली होती ना? फोनवर किती ऐटीत सांगितलं होतं मला."

मी म्हटलं, शेवटी आठवण झाली त्याला. हालिनाला विचार. सिगरेटच शोधत होता तो.

सगळे माझ्यासमोर गप्प बसतात आता. बसू देत. सिगरेटच होती. दुसरं काही असेल तर मला ते कळायला नको, या जन्मात तरी नको. मला अजून या घरात राहायचंय, त्या बाकासमोर, त्या खणासमोर.

खिसा अजून उलटाच होता. तो आत सारताना शिवणीत अडकलेला एक निळा दोरा दिसला, बोटाच्या पेराएवढा. मी तो काढला नाही. वर पाकीट ठेवलं आणि कोटाचं बटण लावलं.

दोरा कोटाचाच असेल. कोट काळा आहे.